कंपनीची कचरामोहीम इंदुरात: रस्ता सोडा, मागची गल्ली धरा

इंदुरात कंपनीच्या लोकांनी कचरा उचलायचा ठरवलं की पहिली अडचण भलतीच येते: कचरा सापडत नाही. स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग सात वेळा पहिला नंबर (2023चा सुरतेबरोबर वाटून घेतलेला) आणि पुढे थेट सुपर स्वच्छ लीगमध्ये, म्हणजे अव्वल शहरांच्या वेगळ्या गटात, बढती मिळालेलं हे शहर. मुख्य रस्ते रात्री झाडले जातात, दारोदार टिपर (कचरागाडी) फिरतो, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या मोठ्या कचरापेट्या कधीच हटल्या. रंगपंचमीच्या गेरीनंतर, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतर, राजवाड्यासमोर रंग-चपलांचा जो खच पडतो, तोही पालिका काही तासांत उचलते. अशा ठिकाणी शनिवारी सकाळी चाळीस जण एकसारखे टी-शर्ट घालून मोठ्या रस्त्यावर उतरले, तर हाती झाडाची पानं लागतात आणि फोटो तेवढे चांगले येतात.

कचरा आहे, पण तो रस्त्यावर नाही. पानाच्या गुमटीमागे (टपरीमागे) आहे, विजेच्या डीपीच्या जाळीत, दुभाजकाच्या झुडपांत, रिकाम्या प्लॉटवर, नाल्याच्या उतारावर आणि दोन घरांच्या पाठी एकमेकींना लागतात त्या बॅकलेनमध्ये आहे. तिथे एकदा जाऊन उपयोग होत नाही. माझा आग्रह एवढाच: तीनशे मीटरची एकच जागा घ्या, तिथे दर पंधरा दिवसांनी असे चार वेळा जा, आणि प्रत्येक वेळी काय उचललं ते मोजा. मोजल्याशिवाय कचरा कुठून येतो ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर चौथ्या खेपेलाही पहिल्याइतकाच उचलावा लागतो.

जागा बघणं

मोहिमेच्या दोन आठवडे आधी दोघा-तिघांनी जागा पायी फिरून यावं. एकदा सकाळी सातच्या सुमारास, टिपर येण्याआधी, आणि एकदा रात्री नऊनंतर. दोन्ही वेळा जायलाच हवं, कारण सकाळी दिसणारा ढीग रात्री कोणी केला हे सकाळी कळत नाही.

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, सुदामा नगर अशा आपल्या मराठी वस्त्यांत ओळखीचं कोणी ना कोणी निघतंच. त्यांच्या ओट्यावर पाच मिनिटं टेकलात की अर्धं सर्वेक्षण तिथेच होतं. "पुढे काही नाही हो, मागच्या गल्लीत बघा. आणि तो कोपऱ्यावरचा प्लॉट, मालक पुण्याला असतो," असं आजोबा सांगतात आणि ते खरं निघतं. त्यांना कोण टाकतं तेही माहीत असतं. नाव घेणार नाहीत, पण कुठल्या बाजूने येतं ते हाताने दाखवतील.

कागदावर साधा नकाशा काढा. प्रत्येक ढिगाला क्रमांक द्या आणि त्यापुढे तीन गोष्टी लिहा: काय आहे, कोणाचं असावं, जमीन कोणाची. तिसरी गोष्ट लोक विसरतात. रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही. राजेंद्र नगर स्टेशनच्या बाजूला काम करणार असाल तर हद्द आधी नीट विचारून घ्या. खासगी प्लॉटवर मालकाची संमती हवी. ती व्हॉट्सॲपवर आली तरी चालते, पण लेखी असावी.

कान्ह आणि सरस्वती या नद्या किंवा त्यांना मिळणारे नाले यांच्या पात्रात उतरायचा विचारसुद्धा करू नका. काठावरचं, हाताला लागेल तेवढंच. उतारावर घसरलेला माणूस काढायला मोहीम नसते.

झोनवर जाऊन येणं

शहरात 85 वॉर्ड आहेत आणि ते झोनांमध्ये वाटलेले आहेत. आपल्या जागेचा वॉर्ड कोणता ते शोधून झोन कार्यालयात पत्र द्यावं. तारीख, वेळ, जागा, माणसं किती, आणि मुख्य म्हणजे गोळा झालेला कचरा कोणाच्या गाडीत, किती वाजता जाणार. बाकीचं पत्र दोन ओळींचं असलं तरी चालेल, ही ओळ मात्र हवीच. रोजच्या टिपरमध्ये घरांचा कचरा येतो. त्यात तुमच्या वीस गोण्या ऐन वेळी बसत नाहीत. वेगळी गाडी आधीच मागून ठेवा.

पत्र साहेबांच्या नावाने जातं, काम दरोगा करतो. वॉर्डाच्या सफाईवर रोज देखरेख करणारा हा माणूस मोहिमेच्या आदल्या दिवशी भेटलाच पाहिजे. बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच येतो: "साहब, फोटो वाला कार्यक्रम है या सच में सफाई?" याचं उत्तर नकाशा पुढे करून द्यावं. ढिगांचे क्रमांक बघितले की त्याचा सूर बदलतो, आणि मग तोच सांगतो की तीन नंबरचा ढीग दर सोमवारी उचलूनसुद्धा मंगळवारी परत होतो.

नगरसेवकांना कळवा, बोलावलंच पाहिजे असं नाही. बोलावलं तर भाषण शेवटी ठेवा, नाहीतर साडेसहाचं काम आठला सुरू होतं.

माणसं

पंचवीस पुरेत. साठ जण आले तर चाळीस उभे राहतात आणि गल्लीत गाडी शिरत नाही. पाच-पाच जणांच्या टोळ्या करा: दोघं उचलणारे, एक गोणी धरणारा, एक वेगळं करणारा, एक मोजणारा. मोजणारा वही-पेन घेऊन फिरतो आणि कचऱ्याला हात लावत नाही, म्हणजे वही स्वच्छ राहते. मॅनेजरला गोणी धरायला द्यावी. त्या जागेवर गप्पा मारत उभं राहता येत नाही.

यायची सक्ती नको, हजेरी नको. मूल्यमापनाशी तर दूरचाही संबंध नको. मनाविरुद्ध आलेला माणूस चिमट्याने एक पाऊच उचलायला एक मिनिट घेतो. येणाऱ्यांना कंपनीच्या अपघात विम्याचं संरक्षण सुट्टीच्या दिवशी, ऑफिसबाहेर मिळतं की नाही, हे एचआरने आधी लेखी विचारून ठेवावं.

फ्लेक्स छापू नका. मोहीम संपल्यावर गल्लीतला सगळ्यात मोठा न कुजणारा तुकडा तोच असतो.

सामान, पंचवीस जणांसाठी

- तळव्याला रबर चढवलेले जाड सुती हातमोजे, तीस जोड्या. दवाखान्यातले पातळ मोजे काचेपुढे टिकत नाहीत.
- लांब चिमटे बारा, फावडी तीन, तगाऱ्या चार, खराटे दोन.
- गव्हाच्या किंवा सिमेंटच्या जुन्या गोण्या तीस-पस्तीस. कचरा उचलायला नव्या काळ्या पिशव्या विकत आणणं मला पटत नाही, शिवाय त्या काचेने फाटतात.
- वेगळं करायला ताडपत्र्या दोन.
- काचेसाठी झाकणाच्या बादल्या दोन.
- सुयांसाठी फिरकीच्या झाकणाचा जाड प्लास्टिकचा रिकामा डबा एक. तेलाचा पाच लिटरचा चालतो.
- सामान वजन करायचा हूकचा काटा एक, मार्कर, वह्या पाच.
- चमकत्या पट्ट्यांची जाकिटं, निदान रस्त्याच्या बाजूला उभ्या राहणाऱ्यांना.
- साबण, हात धुवायला पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन, प्रथमोपचाराची पेटी.

पाण्याची बाटली ज्याने त्याने घरून आणावी. कचरामोहिमेत प्लास्टिकच्या बाटल्यांचे क्रेट उतरवले की गुमटीवाल्याशी नंतर बोलायला तोंड राहत नाही. पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. सॅंडल घालून आलेल्याला मोजणाऱ्याचं काम द्यावं.

कशाला हात लावायचा नाही

सुरुवातीला दहा मिनिटं सगळ्यांना एकत्र उभं करून हे सांगायचं, गमतीत नाही. गटाराचं झाकण उघडायचं नाही, चेंबरमध्ये वाकायचं नाही. डीपीच्या कुंपणाच्या आत काहीही पडलेलं असो, हात घालायचा नाही. त्याची तक्रार पालिकेच्या इंदौर 311 ॲपवर फोटो काढून टाका. मेलेलं जनावर असेल तर तेही तिथेच कळवा. पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात आधी काठी आपटायची, मग चिमटा. गुंडाळलेली कापडं आणि बांधलेल्या पिशव्या उघडून बघायच्या नाहीत. काही जाळायचं नाही, पाचोळासुद्धा.

सुई दिसली की ओरडून थांबवायचं. टोळीतला एकच ठरलेला माणूस ती चिमट्याने उचलून डब्यात टाकतो, टोपण परत बसवायचा प्रयत्न करत नाही. टोचलीच, तर जखम दाबून रक्त काढत बसू नका; वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. एचआयव्ही रोखायची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी ती कामाची. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं तेव्हाच विचारून घ्या. सगळ्यात जवळचं, चोवीस तास उघडं असलेलं रुग्णालय कोणतं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असू द्या.

प्रत्यक्ष काम

साडेसहा ते साडेआठ. यात उचलणं सव्वा तास, बाकीचा वेळ वेगळं करायला.

लहान वस्तू आधी उचला, मोठ्या नंतर. उलटं केलं तर मोठे तुकडे निघाल्यावर जागा साफ दिसते आणि लोक हात झटकतात. एखाद्या पानाच्या गुमटीसमोर उकिडवं बसून बघा. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत पाऊच उभे रुतलेले असतात, पायांनी तुडवून तुडवून विटेच्या रंगाचे झालेले. खराट्याने ते निघत नाहीत, नखाने किंवा जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने काढावे लागतात. मध्य प्रदेशात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. मग मसाला वेगळा आणि तंबाखू वेगळी विकली जाऊ लागली, म्हणजे खाणारा एक आणि पाऊच दोन. थरांवर थर चिकटवलेलं हे पाकीट अटालेवाला (भंगारवाला) घेत नाही, कारण त्यातून काही वेगळं काढता येत नाही. सिगरेटचं थोटूक कापसासारखं दिसतं, पण फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचा असतो, तो मातीत लवकर जिरत नाही. ही दोन्ही वजनाला शून्य आणि संख्येला सगळ्यांत जास्त. म्हणूनच नुसत्या किलोवर मोहीम मोजू नये.

आणखी एक बारीक चीज म्हणजे दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा तिकोनी तुकडा. पिशवी धुऊन अटाल्यात जाते, कोपरा सिंकमधून किंवा अंगणातून गल्लीत येतो. कोपरा पूर्ण न तोडता थोडा लटकता ठेवला तर हा कचरा जन्मालाच येत नाही. बायकांशी बोलताना मोहिमेतली हीच एक गोष्ट सगळ्यांत लवकर पटलेली मी बघितली आहे. त्यात लगेच करता येण्यासारखं काही आहे, नुसता उपदेश नाही.

झाडाखालचा पाचोळा राहू द्या. तो कचरा नाही, उगाच गोण्या भरतात. संक्रांतीनंतर फांद्यांतून लोंबणारा नायलॉनचा मांजा मात्र आवर्जून काढा आणि गोणीत टाकण्याआधी कात्रीने वीतभर तुकडे करा. लांब मांजा पक्ष्यांच्या पायात आणि पुढे यंत्रांत अडकतो.

ताडपत्रीवर

सगळं एका गोणीत भरून टिपरला दिलं तर इंदुरात ते चालत नाही, आणि चालू नये. इथे घरातूनच ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक आणि ई-कचरा वेगळा घेतात. देवगुराडियाला फेब्रुवारी 2022 पासून ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करणारा प्रकल्प चालतो, दिवसाला 550 टन क्षमतेचा. त्याच्या गॅसवर शहरातल्या बसगाड्या धावतात. त्यात काच-प्लास्टिक गेलं तर तिथे बसून कोणाला तरी ते निवडावं लागतं.

ताडपत्रीवर ढीग असे लावा: ओला (नारळपाण्याची शहाळी, निर्माल्य, अन्न), विकाऊ सुका (बाटल्या, डबे, पुठ्ठा), न विकाऊ प्लास्टिक (पाऊच, नमकीनची पाकिटं, पातळ पिशव्या), काच, आणि सॅनिटरी व औषधं एका बाजूला, कागदात गुंडाळून त्यावर मार्करने लाल खूण केलेली. बाटल्यांतलं पाणी ओतून टाका. चहाचे कागदी कप कागदात धरू नका, आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. एका गोणीत दहा-बारा किलोंवर नको, ती गाडीवर चढवणारा कंपनीचा नसतो.

विकाऊ ढिगाबद्दल जरा थांबून. त्या गल्लीत सकाळी पोतं घेऊन फिरणाऱ्या बाया असतात. बाटल्या आणि पुठ्ठा ही त्यांची त्या दिवसाची कमाई, आणि तुम्ही ती त्यांच्या आधी गोळा करून पालिकेच्या गाडीत टाकलीत तर त्यांच्या तोंडचा घास गेला. आदल्या दिवशी त्यांना गाठून सांगा, ढीग त्यांच्यासाठी वेगळा ठेवा, निवडलेला द्या. त्यांचे फोटो काढू नका. गल्लीतली कुठली जागा कधी भरते याची जितकी माहिती त्यांना असते तितकी झोनमध्येही मिळत नाही. विचारलंत तर सांगतात.

मग प्रत्येक ढिगाचं वजन, आणि पाऊच, थोटकं, कप, बाटल्या, पातळ पिशव्या यांची संख्या. संख्या सगळ्या गल्लीची मोजायची गरज नाही: दहा पावलांचा एकच तुकडा खडूने आखून घ्या आणि चारही खेपेला तोच मोजा. फोटोसुद्धा त्याच जागी, त्याच खांबाला पाठ लावून.

गाडी येईपर्यंत दोघांनी थांबायचं. गोण्या ठेवून निघून गेलात तर गायी आणि कुत्री तासाभरात सगळं परत पसरतात, आणि गल्लीवाले तुमच्या कंपनीचं नाव घेतात.

आकडे घेऊन बोलणं

आता खरं काम. प्रत्येक ढीग कुठून आला याचा पत्ता त्याच ढिगात असतो.

डिस्पोजल ग्लास, बाटल्या आणि शेवेची पाकिटं एकत्र सापडली, तर वर बघा: रस्त्याचा दिवा बंद असतो. 311 वर दिव्याची तक्रार करा आणि तिचा पाठपुरावा करा. दिवा लागला की बैठक हलते. प्लास्टिकचे ग्लास, चमचे, स्ट्रॉ, थर्माकोलच्या ताटल्या यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, आणि 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर 31 डिसेंबर 2022 पासून. जवळच्या दुकानात अजून मिळत असतील तर आधी दुकानदाराशी बोला, दंडाची भाषा झोनवाल्यांवर सोडा.

चहाच्या गुमटीवर जाताना आधी चहा घ्या. मग सांगा, "भिया, दहा पावलांत एवढे कप निघाले." आकडा ऐकून माणूस हसतो, वाद घालत नाही. डबा त्याच्या गल्ल्याशेजारी नाही, गिऱ्हाईक उभं राहून कप संपवतं तिथे हवा; ती जागा बघायची तर दहा मिनिटं तिथे उभं राहावं लागतं. शक्य असेल तर कंपनीने काचेच्या ग्लासांचा एक संच आणि धुवायची बादली द्यावी.

बॅकलेनमधल्या बांधलेल्या पिशव्यांचं कारण बहुतेक वेळा वेगळंच निघतं. टिपर येतो तेव्हा घरात कोणी नसतं. भाड्याने राहणारी नोकरदार पोरं, पीजी, हॉस्टेल. रात्री मागवलेल्या जेवणाचे डबे सकाळी बाहेर पडताना मागच्या भिंतीवरून टाकले जातात. थोडं अवघड जागेचं दुखणं आहे, कारण ही पोरं तुमच्या-माझ्या ऑफिसातलीच असतात. सुपर कॉरिडॉरला नाहीतर खंडवा रोडच्या आयटी पार्कला जाणारी. तेव्हा मोहिमेनंतरचा पहिला मेल आपल्याच कर्मचाऱ्यांना: कोण कोण पीजीत राहतं, टिपर किती वाजता येतो, कचरा कोणापाशी ठेवता. घरमालकाने जिन्याखाली दोन झाकणाचे डबे ठेवले आणि टिपरला द्यायचं काम चौकीदाराला दिलं की हा ढीग आटतो. दरोग्याला सांगून त्या गल्लीसाठी गाडीची वेळ अलीकडे-पलीकडे करता येते का, तेही विचारून बघावं.

नाल्याच्या कठड्याशी निर्माल्य सापडलं तर आपल्या मंदिरात आणि गणेशोत्सव मंडळात बोलणं सोपं. तिथे ओळखीचीच माणसं असतात, फक्त आरतीच्या आधी बोलावं. आरतीनंतर सगळ्यांना प्रसाद घेऊन घरी जायचं असतं.

नाश्ता

पोहे-जिलेबी होणारच. स्टीलच्या ताटल्या केटररकडून भाड्याने घ्या किंवा देवळातून मागून आणा, आणि गोळा केलेल्या गोण्यांपासून लांब बसा. हात धुतल्याशिवाय कोणाला जिरावणाच्या (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याच्या) डब्याजवळ फिरकू देऊ नका.

कंपनीचा हिशेब

कंपनी कायदा 2013च्या कलम 135 खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या कामांवर, खर्च करावी लागते. स्वच्छता आणि पर्यावरण हे दोन्ही विषय सातव्या परिशिष्टात आहेत. पण एकदाच होणारे कार्यक्रम आणि कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेची रुपयांत केलेली किंमत सीएसआरचा खर्च म्हणून धरता येत नाही, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा "दोनशे मनुष्यतास" असा आकडा अहवालात मिरवायला ठीक, ताळेबंदात नाही. डबे, ग्लास, गाडी, चार खेपांचा ठरवलेला आराखडा हे कागदोपत्री नीट ठेवून सीएला विचारा. अहवालात पहिल्या आणि चौथ्या खेपेचे आकडे शेजारी शेजारी छापा, कमी झाले नसतील तरीही. कप कमी झाले आणि पाऊच तेवढेच राहिले, असंच बहुधा दिसेल. पुढच्या खेपेला कोणाशी बोलायचं ते त्यावरून ठरतं.

वर्षाचं वेळापत्रक

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत चांगलं. एक फेरी संक्रांतीनंतरच्या आठवड्यात ठेवा, मांजासाठी. जून मध्यावर आला की नाल्याकाठच्या जागा सप्टेंबर संपेपर्यंत सोडून द्या, आणि त्याआधी, मेअखेर, पावसाळी गटारांच्या जाळ्यांवर अडकलेलं प्लास्टिक वरच्या वर काढून घ्या. जाळी उचलायची नाही. मेमध्ये सहाला सुरू करून साडेसातला आवरा. आठनंतर हातमोज्यांत घाम साचतो, लोक मोजे काढून टाकतात आणि मोजणाऱ्याची वही अर्धी राहते.